लिमनायाची ललकारी

"विजारी उतरवा! ज्याच्या अंगावर विजार असेल, त्याने ती याच क्षणी उतरवा!"

असे ओरडत फानियास काका बाजारगल्लीतून धावत आले, तेव्हा मी माशांच्या रांजणात मिठाचा शेवटचा थर पसरीत होतो. फानियास काका हे आमच्या लिमनाया गावाचे प्रमुख. वय पासष्टीच्या पुढे, उजवा गुडघा अधू, आणि देवळाच्या तीन पायऱ्या चढतानाही मध्ये एकदा विसावा घेण्याचा त्यांचा प्रघात होता. ते प्रत्यक्ष धावत आहेत हे दृश्य पाहून माझ्या मुठीतले मीठ मुठीतच राहिले.

"काका, झालं तरी काय?"

"जहाज लागलंय, एर्गिनोस! शीड फाटलंय म्हणून थांबलंय. आत कोण आहे ठाऊक आहे? ऑलिंपियाचे दूत! साक्षात! आणि तू इथं शकांसारखी विजार चढवून माशांत बसलायस!"

"माशांत तर मी रोजच बसतो."

"मग आज अंगरखा घालून बैस! पोटऱ्या दिसल्या पाहिजेत. हेलेनांच्या पोटऱ्या दिसतात!"

येथे थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. आम्ही स्वतःला हेलेन म्हणवतो. पूर्वेकडील लोक आम्हांस यवन म्हणतात असे ऐकतो. आमचे गाव काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर, एका नदीच्या मुखाशी, दलदलीत वसलेले आहे. माझ्या पणजोबांच्या काळी मूळ नगरीतून एक जहाज निघाले आणि त्यातून चाळीस पुरुष या किनाऱ्यावर उतरले. त्यांनी नांगराचे फाळ आणले, द्राक्षांची कलमे आणली, मूळ नगरीच्या देवचुलीतला अग्नी मडक्यात जपून आणला. बायका आणण्याचे मात्र कोणासही सुचले नाही. नदीच्या पैलतीरी घोडे पाळणाऱ्या शकांची वस्ती होती. चाळीसही जणांचे संसार त्या वस्तीतल्या मुलींशी झाले, आणि पुढेही गावाच्या सुना बहुतकरून तिकडूनच येत राहिल्या. सबब आमच्या गावात बाजारात हेलेनांची भाषा चालते आणि चुलीपाशी शकांची.

दर चार वर्षांनी ऑलिंपियाचे दूत नगरोनगरी जाऊन झ्यूसदेवाच्या उत्सवाची आणि त्या काळातील शस्त्रसंधीची घोषणा करतात. ज्या गावी ही घोषणा होते, ते गाव दूतांच्या यादीत चढते. त्या गावचा माणूस हेलेन ठरतो आणि ऑलिंपियाच्या मैदानात उतरू शकतो. ज्या गावी होत नाही, त्या गावच्या माणसाने कुंपणाबाहेर उभे राहून टाळ्या वाजवाव्यात. आमच्या गावी दूत कधीच आले नव्हते. शेजारच्या मोठ्या शहरातले व्यापारी मासे घ्यायला येत तेव्हा आम्हांला हसून म्हणत, "काय घोडीच्या दुधावरचे हेलेन, कसं काय चाललंय?"

मला हे फार लागे. कारण मी त्या वेळी तेवीस वर्षांचा होतो आणि मला पळता येत होते. शकांच्या शिंगरांबरोबर नदीकाठच्या वाळूत मी लहानपणापासून पळत आलो होतो. ऑलिंपियाच्या मैदानात एकदा, निदान एकदाच, पळावे, याखेरीज मला दुसरी इच्छा नव्हती.

"काका, ते घोषणा करतील का?" मी विचारले.

"घोषणा करायला ते आलेच नाहीत. शीड शिवून होईपर्यंत थांबणार, संध्याकाळी जाणार. पण संध्याकाळपर्यंत आपण त्यांना अस्सल हेलेन दिसलो, तर?" काकांनी माझा खांदा घट्ट धरला. "तर काय सांगावं! फक्त एक अडचण आहे."

"कोणती?"

काका इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बायका."

गावातल्या एकूण एक बायका डोळ्यांनी, बोलण्याने, वेण्यांनी शक दिसत. त्यांच्यापैकी निम्म्या विजारी घालत आणि त्या उतरवण्याची आज्ञा त्यांना देण्याची हिंमत काकांत नव्हती. म्हणून प्रमुखांच्या सभेने उभ्या उभ्या असा निर्णय घेतला की लिमनायातील यच्चयावत स्त्रीवर्ग, लेकीबाळींसह, होड्यांत बसवून संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे पाठवावा.

मी घरी गेलो. माझी आई अस्पाया पीठ मळीत होती. वडील दोन वर्षांपूर्वी समुद्रात गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघेच.

"आई, तुला आज जरा पलीकडे मामांकडे जावं लागेल."

"का? कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. पाहुणे आलेत. ऑलिंपियाचे."

तिने हात थांबवले. सगळे तिच्या ध्यानात आले असावे, कारण तिने पुढे काही विचारले नाही. फक्त पिठाचा गोळा परातीत आपटला.

"मी काय फुटकं मडकं आहे का रे, पाहुणे आले की माळ्यावर टाकायला?"

"एकट्या तुलाच नाही, सगळ्यांनाच..."

"म्हणजे गावभर फुटकी मडकी. बरंय." तिने हातावरचे पीठ झटकले. "तुला पळायचंय ना तिकडे?"

मी मान हलवली.

"मग जाते. पीठ मळून झालंय. भाकरी तू भाज. आणि एका बाजूने भाजली की उलटायची असते, हे लक्षात ठेव."

दूत किनाऱ्यावर उतरले, तेव्हा आम्ही सर्व पुरुष स्वच्छ अंगरखे घालून ओळीने उभे होतो. वसंत ऋतूचा आरंभ होता, उत्तरेचे वारे सुटले होते आणि आयुष्यात ज्या पोटऱ्यांना ऊन ठाऊक नव्हते अशा दीडशे पोटऱ्या थंडीने लटपटत होत्या. दूतांपैकी ज्येष्ठ एवानोर हे सत्तरीचे, काठी टेकीत चालणारे, समुद्र लागल्याने चेहरा पिवळा पडलेले असे गृहस्थ होते. दुसरे देक्सियास, तिशीचे, सरळ नाकाचे. त्यांच्या काखेत पुस्तकासारखी मिटणारी मेणाची पाटी होती आणि त्या पाटीवर यादी होती.

देक्सियास आमच्या ओळीवरून नजर फिरवून म्हणाले, "यांचे पाय असे का?"

"असे म्हणजे?" काकांनी विचारले.

"चुन्यासारखे."

"दलदलीचा प्रदेश आहे महाराज," माझा मित्र मिकोन पटकन म्हणाला. मिकोन जाळी विणणारा. दाढी छातीपर्यंत आणि जीभ त्याहून लांब. "इथं सगळंच जरा फिकं उगवतं."

आम्ही त्यांना देवळापुढच्या अंगणात बसवले, पाणी मिसळलेला द्राक्षरस दिला आणि मी भाजलेली भाकरी पुढे ठेवली. तिची एक बाजू कोळसा झाली होती आणि दुसरी अजून पीठच होती. एवानोरांनी एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि अतिशय सौजन्याने बराच वेळ चावला.

"कोणी भाजली?"

"मी."

"घरी कोण कोण असतं, मुला?"

"मी एकटाच. वडील समुद्रात गेले."

"आणि आई?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. देक्सियासांच्या काखेतली पाटी मला दिसली. आणि मग मी जे उत्तर दिले ते लिहिताना आजही, चौसष्टाव्या वर्षी, माझी लेखणी अडखळते.

"वारली," मी म्हणालो.

"अरेरे." एवानोर मिकोनकडे वळले. "आणि तुमच्या घरी?"

"माझीही वारली महाराज. अलीकडेच."

"पत्नी?"

"ती माहेरी गेलीय."

"कुठं आहे माहेर?"

"लांब," मिकोन म्हणाला आणि त्याने हाताने अशी दिशा दाखवली की जिकडे केवळ समुद्र होता.

तिसऱ्याने सांगितले, बायकोला ताप होता. चौथ्यालाही घाईत दुसरे काही सुचेना, म्हणून त्याच्याही बायकोला ताप होता. पाचव्याने तर आई, बायको आणि दोन बहिणी एका दमात वारल्याचे सांगितले. देक्सियासांनी अंगरख्याचा पदर नाकाला लावला.

"एवानोर! गावात साथ आहे! एकही बाई शिल्लक नाही! उठा, जहाजावर चला!"

"नाही, नाही, साथ नाही!" फानियास काका ओरडले. "बायका ठणठणीत आहेत! म्हणजे होत्या! म्हणजे वारल्या त्या वेळी अगदी ठणठणीत होत्या!"

मिकोनने हसू दाबण्यासाठी दाढी तोंडात कोंबली. मला मात्र हसू येत नव्हते. देक्सियास किनाऱ्याच्या दिशेने दहा पावले गेलेसुद्धा होते, आणि माझी शर्यत त्यांच्या काखेतल्या पाटीसह दहा पावले दूर गेली होती.

पण एवानोर हलले नाहीत. काठीवर हनुवटी टेकवून ते शांतपणे म्हणाले, "देक्सियास, वादळातून सुखरूप किनारा लागला की बळी द्यायचा, असं आपण जहाजावर बोललो होतो. इथं वेदी आहे, मेंढा आहे. आजार आहे की नाही, ते देवालाच विचारू. गावानं बळी द्यावा. आपण बघू."

देक्सियास नाखुशीने परतले. पदर नाकावरून त्यांनी काढला नाही.

आमच्या जिवात जीव आला. बळीचा विधी आम्हांस तोंडपाठ होता. पणजोबांपासून त्यात काडीचाही फरक पडला नव्हता. पांढऱ्या मेंढ्याच्या शिंगांना लोकर गुंडाळली. वेदीवर अग्नी पेटवला. सातूच्या दाण्यांनी टोपली भरली आणि तळाशी सुरी लपवली. मग पहिली पंचाईत उभी राहिली. ही टोपली मिरवणुकीच्या अग्रभागी डोक्यावर घेऊन चालते ती कुमारिका.

काकांनी ओळीवर नजर फिरवली. "ज्याचं लग्न झालं नाही असा कोण आहे?"

"माझी बायको माहेरी गेलीय," मिकोन म्हणाला, "म्हणजे मी निम्मा आहेच."

आणि वेळ नसल्याने तोच टोपली डोक्यावर घेऊन पुढे झाला. छातीवर रुळणारी दाढी, डोक्यावर टोपली आणि चालणे कुमारिकेसारखे लाजरे करण्याचा त्याचा प्रामाणिक प्रयत्न, हे पाहून एवानोरांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटले, त्यांना पुन्हा समुद्र लागला असावा.

आम्ही वेदीभोवती उभे राहिलो. हात धुतले. मेंढ्याच्या डोक्यावर पाणी शिंपडले. त्याने मान हलवून संमती दिली. दाणे उधळले. फानियास काकांनी मेंढ्याच्या कपाळावरचे केस कापून अग्नीत टाकले आणि सुरी उचलली.

"थांबा," एवानोर म्हणाले.

सुरी हवेत थांबली.

"ललकारी कोण देणार?"

आम्ही एकमेकांची तोंडे पाहू लागलो. ज्या क्षणी सुरी चालते, त्याच क्षणी स्त्रिया उंच स्वरात ललकारी देतात. तो स्वर नसेल तर तो बळी नव्हे, केवळ खाटीककाम होय. हे लिमनायातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होते. किंबहुना त्या ललकारीवाचून दिलेला बळी आमच्यापैकी कोणी पाहिलेलाच नव्हता. पोटऱ्यांपासून टोपलीपर्यंत आम्ही सारा विचार केला होता. आणि हेलेन दिसावे म्हणून ज्यांना आम्ही दडवले, त्यांच्यावाचून हेलेनांचा विधीच होत नाही, एवढेच तेवढे ध्यानात आले नव्हते.

"मी देतो," फानियास काका निकराने म्हणाले. त्यांनी छाती भरून घेतली आणि गळ्यातून असा एक स्वर काढला की वेदीवरची कबुतरे उडाली. मेंढ्याने त्यांच्याकडे वळून पाहिले आणि तो स्वतःच मोठ्याने ओरडला.

"त्याची बरी होती," मिकोन माझ्या कानाशी पुटपुटला.

देक्सियासांनी पाटी मिटली. "पुरे झालं. पांढरे पाय, दाढीवाली कुमारिका, ललकारी नाही, आणि बायका का नाहीत ते धड सांगता येत नाही. एवानोर, हे हेलेनांचं गाव नव्हे. हेलेनांचं सोंग आहे."

मी वेदीच्या उजव्या बाजूला उभा होतो. माझ्यासमोर नदी होती. पैलतीरावरच्या लव्हाळ्यात काहीतरी हलत होते; वारा त्या दिशेने नव्हता. नदी आमच्या देवळापाशी फार रुंद नाही. तिथून मान उंचावून पाहिले तर वेदीवरचा धूर, उगारलेली सुरी आणि खुळ्यासारखी उभी असलेली सत्तर-पंचाहत्तर माणसे सहज दिसावीत.

आणि मग ती आली. आधी एकच स्वर उठला, बारीक, उंच, जिभेच्या टोकावर थरथरत जाणारा. तो मी जन्मापासून ओळखत होतो. त्याच्यामागून दुसरा, मग दहा, मग साठ गळ्यांची ललकारी पाण्यावरून अशी सळसळत आली की माझ्या उघड्या पायांवर काटा उभा राहिला.

"आता!" एवानोर ओरडले. काकांची सुरी चालली.

विधी विधीप्रमाणे पुढे गेला. मांड्यांची हाडे चरबीत गुंडाळून अग्नीवर ठेवली गेली, वर शेपटीचा भाग ठेवला गेला. तोवर पाण्यात वल्ह्यांचा आवाज येऊ लागला. होड्या निघाल्या होत्या. पहिल्या होडीच्या तोंडाशी, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, स्वतः वल्हे मारीत माझी आई उभी होती.

ती चिखलातून वर आली, ओल्या पायांनी थेट वेदीपाशी गेली आणि कमरेवर हात ठेवून फानियास काकांना म्हणाली, "भावजी, एक मेंढा कापायचा तर एवढा वेळ? आमचे हात शिवशिवायला लागले पलीकडे."

"ही कोण?" देक्सियासांनी विचारले.

काका सुरी पुसू लागले. मिकोन गप्प राहिला, आणि मिकोन गप्प राहणे ही आमच्या गावात मोठी घटना असते. देक्सियासांनी पाटी पुन्हा उघडली होती आणि लेखणी हातात घेतली होती. मी मनात मैदान पाहिले, मैदानातली पांढरी रेघ पाहिली; आणि मग मी म्हणालो,

"ही माझी आई."

"तुझी आई तर वारली होती ना?"

"कोण वारली?" आईने विचारले. तिने माझ्याकडे पाहिले, दूतांकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. मला वाटले, पृथ्वीने आता मला पोटात घ्यावे. "मी वारले? कधी रे?"

"सकाळी," मी खाली मान घालून म्हणालो.

"बघ, आणि मला कोणी कळवलंदेखील नाही!" ती म्हणाली. "बरं, मेले तर मेले. पण वाट्याचं मांस मी सोडणार नाही. मेलेल्यांनाही भूक लागते."

प्रथम एवानोर हसले. काठी गळून पडेपर्यंत हसले. तोवर काठावरच्या कोणीतरी होड्यांतल्या बायकांना सारी हकीकत सांगितली होती. मिकोनची बायको होडीतून उतरत ओरडली, "आणि माझं माहेर समुद्रात बुडवलं म्हणे कोणी?" त्यानंतर काय हसणे उसळले ते विचारू नये. ज्याच्या आई, बायको आणि दोन बहिणी एका दमात वारल्या होत्या, त्याला त्या चौघींनी मिळून चिखलात बसवले.

हसू ओसरल्यावर एवानोरांनी डोळे पुसले आणि आईला विचारले, "बाई, ती ललकारी तुम्ही कुठं शिकलात?"

फानियास काकांना आपले भान परत आले होते. ते लगबगीने म्हणाले, "ती मूळ नगरीची आहे महाराज! आमच्या पूर्वजांनी आणली आणि या बायकांना शिकवली. अगदी अस्सल."

"शिकवली?" आई म्हणाली. "पुरुषांनी? आत्ता तुम्ही काढलात तो आवाज शिकवला का, भावजी? आम्ही पलीकडे ऐकला. आम्हाला वाटलं, मेंढ्यानं तुम्हाला कापलं."

"अगं अस्पाया, पाहुण्यांपुढे..."

"पाहुण्यांनी विचारलंय, म्हणून सांगते. माझी आजी तिच्या आईकडचं सांगायची. तुमचे चाळीस जण आले, त्या वर्षी याच जागी मेंढा धरून उभे होते. सुरी उगारलेली, आणि एकमेकांची तोंडं बघतायत. आजच्यासारखेच. पणजी पलीकडे घोड्यांना पाणी पाजत होती. तिला वाटलं, एवढी दाढीमिशीवाली माणसं, आणि रडायला का आलीत? मूल जन्मलं की आमच्यात ललकारी देतात. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तिनं तीच दिली. झालं! मेंढा कापला, आणि दुसऱ्या दिवशी चाळीसही जण मागणी घालायला नदी ओलांडून आले."

बायका पुन्हा हसू लागल्या. पण देक्सियास हसले नाहीत. त्यांचा चेहरा कठोर झाला होता.

"ऐकलंत, एवानोर? ललकारी शकांची आहे. म्हणजे हा बळी झालाच नाही. यादीचा प्रश्नच मिटला."

आईचे तोंड उतरले. आपल्या बोलण्याने आपल्या मुलाचे काय झाले, ते तिला त्या क्षणी कळले असावे. तिने माझ्या दंडावर हात ठेवला. तो ओला होता. मी तो झटकला नाही, एवढेच त्या दिवसातले माझे एक चांगले कृत्य म्हणून मी सांगू शकतो.

एवानोरांनी विचारले, "देक्सियास, आपल्या घरच्या बायका ललकारी देतात ती कुणाकडून शिकल्या?"

"त्यांच्या आयांकडून."

"आणि त्या?"

"त्यांच्या आयांकडून. हा काय प्रश्न झाला?"

"माझ्या घरात ती माझी आजी द्यायची. पन्नास वर्षं दिली. आजी थ्रेसच्या डोंगरातली होती. लढाईत धरून आणलेली. आली तेव्हा तिला आपला एक शब्द येत नव्हता. ललकारी मात्र येत होती. तीच माझ्या आईनं उचलली, तीच माझ्या लेकी देतात. आज नदीपलीकडून आवाज आला, तेव्हा मला वाटलं, आजीच आली."

देक्सियासांचा आ वासलेलाच राहिला. "हे आपण मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि विचारलं असतंस, तर मीही या मुलासारखंच काहीतरी सांगितलं असतं. आपण ऑलिंपियाला ज्या वीराच्या समाधीवर रक्त ओततो, तो तरी कुठला? समुद्रापलीकडचा, आशियातला. आपल्याकडे येऊन त्यानं शर्यत जिंकली आणि आपण त्याचे झालो."

"मग हेलेन म्हणायचं तरी कुणाला?" देक्सियासांनी विचारले. त्यांचा स्वर आता कठोर नव्हता; खरोखर कोड्यात पडलेल्या माणसाचा होता.

"रक्ताचं मला काही कळत नाही," एवानोर म्हणाले. "शेपटीचं कळतं. बघ."

आम्ही सगळे वेदीकडे वळलो. अग्नीवर ठेवलेली मेंढ्याची शेपटी जर वर उचलून वळली, तर देवाने बळी स्वीकारला. लोळत पडून जळली, तर नाकारला. हे सर्व हेलेनांना ठाऊक असलेले लक्षण आहे. शेपटी तडतडत होती. चरबी उडत होती. ती पडूनच होती. फानियास काकांच्या ओठांची हालचाल दिसत होती. मग तिचे टोक किंचित थरथरले, हळूहळू वर उचलले आणि झोपेतून उठलेल्या मांजराच्या शेपटीसारखे ऐटीत वळले.

देक्सियास वाकून, नाकावरचा पदर काढून, कितीतरी वेळ पाहत राहिले. ते प्रामाणिक गृहस्थ होते, शेवटी म्हणाले, "वळली. उत्तम वळली. यापेक्षा चांगली मी पाहिलेली नाही."

मग एवानोर सरळ उभे राहिले. काठी त्यांनी आईच्या हाती दिली आणि दोन्ही हात उंचावून, समुद्र लागलेल्या म्हाताऱ्याच्या नव्हे तर एखाद्या तरुण ललकाऱ्याच्या आवाजात, ऑलिंपियाच्या उत्सवाची आणि शस्त्रसंधीची घोषणा केली. त्या घोषणेचा आरंभ "हेलेनहो" या शब्दाने होतो. हा शब्द त्यांनी आमच्याकडे पाहून उच्चारला, आणि मग मान वळवून बायकांकडे पाहून पुन्हा एकदा उच्चारला. विधीत तो एकदाच आहे.

त्या संध्याकाळी मांसाचे सारखे वाटे झाले, चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. आईने दोन भाकरी नव्याने भाजल्या आणि माझी भाकरी कुत्र्यापुढे ठेवली. कुत्र्याने ती हुंगली आणि तो निघून गेला. वारा वाढला तेव्हा देक्सियासांचे दात वाजू लागले. मिकोन त्यांच्यापाशी जाऊन गंभीरपणे म्हणाला, "महाराज, ही लोकरीची विजार आहे. आत घाला. वर अंगरखा आहेच, कोणाला दिसणार नाही." त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि देवळामागे जाऊन ती चढवली. शीड शिवून झाल्याचा निरोप तीनदा आला. तीनदा परत पाठवला गेला. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा कुठे जहाज सुटले, आणि देक्सियासांनी विजार परत केली नव्हती.

मी त्याच उन्हाळ्यात ऑलिंपियास गेलो. शर्यतीत मी शेवटून दुसरा आलो, हे येथेच सांगून टाकतो; माझ्यामागे जो आला त्याच्या पायात काटा मोडला होता. परंतु मी पळालो. पांढऱ्या रेघेवर माझी बोटे टेकली होती, आणि त्या तापलेल्या मातीचा स्पर्श मला आजही आठवतो.

शर्यतीच्या आधी नोंद होते. एक वृद्ध लेखनिक सावलीत बसून एकेकाला विचारीत होता. माझी पाळी आली.

"गाव?"

"लिमनाया."

त्याने यादीवरून बोट फिरवले. "लिमनाया... हो, आहे. पिता?"

मी वडिलांचे नाव सांगितले.

"माता?"

"अस्पाया. काळ्या समुद्राच्या उत्तरेची, शक घोडेपाळांची लेक. जिवंत आहे."

लेखनिकाने मान वर केली. "जिवंत आहे की नाही, ते मी विचारलं नव्हतं."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "तरी लिहा."